‘हॅव्ह’ : एका क्रियापदाचे अर्थ आणि आवाज

इंग्रजीतील दोन छोटी वाक्ये एकापाठोपाठ मोठ्याने म्हणून पाहा. पहिले ‘आय हॅव्ह टू पेन्स’, म्हणजे माझ्याकडे दोन पेने आहेत. दुसरे ‘आय हॅव्ह टू लीव्ह’, म्हणजे मला निघावे लागेल. देवनागरीत लिहिल्यावर दोन्हींचे पहिले तीन शब्द अगदी सारखे दिसतात आणि आपल्यापैकी बहुतेक जण ते सारखेच उच्चारतात. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्या तोंडी मात्र ते सारखे नसतात. पहिल्या वाक्यात ‘हॅव्ह’च्या शेवटी ‘व्ह’ ऐकू येतो, तर दुसऱ्यात त्या जागी ‘फ’ येतो आणि दोन्ही शब्द मिळून ‘हॅफ्टु’ असा एकच शब्द तयार होतो. गळ्यावर दोन बोटे टेकवून हे तपासता येते. वरचे दात खालच्या ओठाला लावून ‘व्ह’ लांबवला की बोटांना कंप जाणवतो. दात आणि ओठ तसेच ठेवून ‘फ’ लांबवला की कंप थांबतो आणि नुसती हवा बाहेर पडते. क्रियापद तेच आणि स्पेलिंगही तेच असताना आवाज बदलतो, कारण त्या क्रियापदाचे वाक्यातले काम बदललेले असते.

‘हॅज’, ‘हॅड’, ‘हॅविंग’ ही रूपे एकत्र मोजली तर ‘हॅव्ह’ हा इंग्रजीतील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पहिल्या दहा शब्दांपैकी एक आहे. मोठ्या शब्दकोशांत त्याचे अर्थ पानेच्या पाने पसरलेले असतात आणि ते एकेक करून पाठ करू पाहणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. त्यापेक्षा हे क्रियापद वाक्याचे किती ओझे उचलते आहे, ते पाहावे. जिथे ते एकट्याने अर्थ पेलते तिथे त्याचा उच्चार भरीव असतो. जिथे ते दुसऱ्या क्रियापदाला केवळ हात देते तिथे त्याचा उच्चार झिजत जातो आणि कधी कधी एका व्यंजनापुरता उरतो. अर्थ आणि आवाज यांचा हा संबंध शाळेत सहसा शिकवला जात नाही. त्यामुळे व्याकरणाचे नियम नीट येत असूनही बोललेली इंग्रजी कानाला लागत नाही, अशी अवस्था अनेकांची होते.

सुरुवात मालकीच्या अर्थापासून करू. मराठीत ‘हॅव्ह’ला थेट प्रतिशब्द नाही. आपण ‘माझ्याकडे पेन आहे’ म्हणतो, पण ‘माझ्याकडे दोन बहिणी आहेत’ म्हणत नाही. तिथे ‘मला दोन बहिणी आहेत’ असे म्हणावे लागते. ताप ‘तिला’ असतो, हिंमत ‘तिच्यात’ असते, पैसे ‘तिच्याजवळ’ असतात आणि चार पाय ‘टेबलाला’ असतात. वस्तू जवळ बाळगलेली आहे, नात्याने जोडलेली आहे, अंगभूत आहे की त्या वस्तूचाच भाग आहे, हा भेद मराठी विभक्तिप्रत्ययांतून आणि शब्दयोगी अव्ययांतून दाखवते. इंग्रजी या सगळ्या ठिकाणी एकच क्रियापद वापरते. शिवाय वाक्याची बैठकही उलटी असते. मराठीत वस्तू कर्त्याच्या जागी बसते आणि ती ‘असते’. इंग्रजीत माणूस कर्ता होतो आणि तो वस्तू ‘धरून असतो’. यात मराठी एकटी नाही. हिंदी, रशियन, फिनिश अशा अनेक भाषा मालकी ‘असणे’ या क्रियापदानेच सांगतात.

‘धरून असतो’ हे शब्द मी मुद्दाम वापरले, कारण ‘हॅव्ह’चा मूळ अर्थ तोच आहे. त्याच्या मुळाशी जो प्राचीन धातू मानला जातो, त्याचा अर्थ ‘पकडणे’ असा होता आणि त्याच्या आरंभी ‘क’ हा ध्वनी होता. लॅटिनमध्ये तो धातू ‘कापेरे’ या रूपात टिकला आणि तिथूनच ‘कॅप्चर’ आणि ‘कॅप्टिव्ह’ हे शब्द इंग्रजीत आले. जर्मन, इंग्रजी, डच यांच्या पूर्वज भाषेत मात्र शब्दाच्या आरंभीचा मूळ ‘क’ पद्धतशीरपणे ‘ह’मध्ये बदलला. याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये या बदलाची शिस्तबद्ध मांडणी केली आणि तो आजही ग्रिमचा नियम म्हणूनच ओळखला जातो. म्हणूनच लॅटिन ‘कॉर्नू’ला इंग्रजीत ‘हॉर्न’ आणि लॅटिन ‘केन्टुम’ला ‘हंड्रेड’ हे शब्द जुळतात. या हिशोबाने ‘हॅव्ह’ आणि ‘कॅप्चर’ हे एकाच घराण्यातले शब्द ठरतात. उलट, दिसायला जुळा वाटणारा लॅटिन ‘हाबेरे’ हा शब्द, ज्याचा अर्थही ‘जवळ असणे’ असाच आहे, तो ‘हॅव्ह’चा नातेवाईक नाही. कारण ग्रिमच्या नियमानुसार इंग्रजी ‘ह’च्या समोर लॅटिनमध्ये ‘क’ यायला हवा, ‘ह’ नव्हे. डोळ्यांना पटणारे साम्य ध्वनिनियम नाकारू शकतात, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळते.

पकडणे, मग धरून ठेवणे, मग जवळ असणे, असा हा अर्थ हळूहळू सैल होत गेला. जुन्या इंग्रजीत ‘मी मासा पकडलेला धरून आहे’ अशा घडणीची वाक्ये होती. त्यात ‘धरून आहे’ हे मुख्य क्रियापद होते आणि ‘पकडलेला’ हे माशाचे विशेषण होते. ते विशेषण माशाच्या लिंग, वचन आणि विभक्तीप्रमाणे बदलूही शके. पुढे मासा प्रत्यक्ष हातात आहे की नाही, हे महत्त्वाचे उरले नाही. पकडण्याचे काम पूर्ण झाले, एवढेच सांगायचे राहिले. विशेषणाचे प्रत्यय गळाले, ते ‘हॅव्ह’च्या शेजारी सरकले आणि ‘आय हॅव्ह कॉट द फिश’ हे आजचे रूप घडले. मराठी माणसाला ही वाट परकी वाटू नये. ‘मी चिठ्ठी लिहिली आहे’ आणि ‘मी लेख लिहिला आहे’ या वाक्यांत ‘लिहिली’ आणि ‘लिहिला’ ही रूपे आजही कर्माप्रमाणेच चालतात. इंग्रजीने जी खूण पुसून टाकली ती आपण जपली आहे.

ज्या क्रियांना कर्म नसते तिथे ‘धरून असणे’ ही कल्पनाच लागू होत नाही. त्यामुळे जाणे, येणे, उठणे अशा क्रियापदांसोबत इंग्रजी बराच काळ ‘असणे’ हेच सहायक क्रियापद वापरत होती. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘ही इज रिझन’ असे वाक्य आहे, म्हणजे शब्दशः ‘तो उठला आहे’. आजची इंग्रजी तिथे ‘ही हॅज रिझन’ म्हणेल. एवढ्या अवधीत ‘हॅव्ह’ने ‘बी’ची जागा जवळजवळ पूर्णपणे घेतली आणि ‘ही इज गॉन’ यांसारखे थोडे अवशेष मागे राहिले.

इथे एक गोष्ट थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. ‘हॅव्ह’ची तीन मोठी कामे म्हणजे मालकी, पूर्ण झालेली क्रिया आणि कर्तव्य. मराठीत ‘हॅव्ह’ नाही हे खरे, पण ही तिन्ही कामे आपण ‘आहे’कडून करून घेतो: ‘मला भाऊ आहे’, ‘मी पत्र लिहिले आहे’, ‘मला पत्र लिहायचे आहे’. आता ही वाक्ये लेखी भाषा सोडून रोजच्या बोलण्यात कशी येतात ते आठवा. ‘लिहिले आहे’चे ‘लिहिलंय’ होते, ‘लिहायचे आहे’चे ‘लिहायचंय’ होते. ‘मला भाऊ आहे’ यातला ‘आहे’ मात्र बहुतेक वेळा अखंड राहतो. जिथे तो सहायक आहे तिथे झिजला आणि जिथे वाक्याचा भार त्याच्यावर आहे तिथे टिकला. ‘हॅव्ह’चे नेमके तेच होते. त्यामुळे यापुढे जे सांगतो आहे ते नवे नियम म्हणून पाठ करण्याची गरज नाही. आपण रोज जे न कळत करतो त्याचेच ते इंग्रजी रूप आहे.

सहायक ‘हॅव्ह’ पायरीपायरीने झिजतो. आधी ‘ॲ’ हा स्वर विरतो आणि त्याच्या जागी ‘अ’सारखा अगदी आखूड स्वर येतो. मग ‘ह’ गळतो आणि ‘अव्ह’ उरतो. आधीचा शब्द स्वरान्त सर्वनाम असेल तर तो ‘अ’ही जातो आणि निव्वळ ‘व्ह’ त्या सर्वनामाला चिकटतो: ‘आयव्ह’, ‘यूव्ह’, ‘वीव्ह’, ‘देव्ह’. व्यंजनान्त शब्दानंतर ‘अव्ह’ राहतो, म्हणून ‘द बॉइज हॅव्ह लेफ्ट’ हे कानाला ‘द बॉइजव्ह लेफ्ट’ असे येते. ‘ह’ गाळणे हे निष्काळजी बोलण्याचे लक्षण आहे, अशी समजूत आढळते. ती चुकीची आहे. वाक्याच्या मध्ये आघाताविना येणाऱ्या ‘हिम’, ‘हर’, ‘हॅव्ह’ या शब्दांतला ‘ह’ सुशिक्षित, काळजीपूर्वक बोलणारेही गाळतात. मात्र वाक्याच्या आरंभी तो टिकतो, म्हणून ‘हॅव्ह यू सीन इट?’ या प्रश्नात स्वर आखूड झाला तरी ‘ह’ ऐकू येतो.

झीज कुठे थांबते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ‘हॅव्ह यू फिनिश्ड?’ या प्रश्नाला ‘येस, आय हॅव्ह’ असेच उत्तर द्यावे लागते; ‘येस, आयव्ह’ असे कोणीही म्हणत नाही. पुढचे क्रियापद गाळले गेले की त्याचे ओझे पुन्हा ‘हॅव्ह’वर येते आणि त्याचा भरीव उच्चार परत येतो. ठासून सांगताना किंवा आरोप खोडून काढतानाही तसेच होते: ‘आय हॅव्ह टोल्ड यू’, म्हणजे ‘अरे, सांगितले आहे मी तुला’.

हा एकटा ‘व्ह’ किती अर्थ वाहून नेतो, ते एका जोडीतून दिसेल. ‘वी लिव्ह्ड हिअर फॉर टेन यिअर्स’ म्हणजे आम्ही इथे दहा वर्षे राहिलो आणि तो काळ संपला. ‘वीव्ह लिव्ह्ड हिअर फॉर टेन यिअर्स’ म्हणजे आम्ही दहा वर्षांपासून इथे राहत आहोत. दोन्ही वाक्यांत फरक एका व्यंजनाचा, तोही ओझरता; पण तो निसटला तर ऐकणारा माणूस बोलणाऱ्याला त्याच्या घरातून बाहेर काढतो. माझा अनुभव असा आहे की मराठी विद्यार्थ्याला यातले व्याकरण अवघड जात नाही. अडचण कानाची असते. तो पूर्ण ‘हॅव्ह’ची वाट पाहत राहतो आणि ‘व्ह’ येऊन निघून जातो.

‘हॅज’ आणि ‘हॅड’ यांचीही अशीच झीज होते, पण तिथे एक नवा गोंधळ उभा राहतो. ‘हॅज’चा ‘ज’ उरतो आणि ‘इज’चाही ‘ज’च उरतो. ‘हॅड’चा ‘ड’ उरतो आणि ‘वुड’चाही ‘ड’च. मग ‘शीज’ म्हणजे ‘शी इज’ की ‘शी हॅज’, हे पुढच्या शब्दावरून ठरवावे लागते. ‘आयड गो’ मध्ये ‘वुड’ आहे, ‘आयड गॉन’ मध्ये ‘हॅड’ आहे; आणि ज्यांची रूपे बदलतच नाहीत अशा ‘पुट’सारख्या क्रियापदांपुढे ‘आयड पुट’ नेमके कोणते, हे केवळ संदर्भ सांगतो. दुसरा गोंधळ लेखनाचा आहे. ‘ऑफ’ म्हणून आपण वाचतो तो षष्ठीचा छोटा शब्द इंग्रजीत खरे तर ‘व्ह’ने संपतो आणि त्याचे झिजलेले रूपही ‘अव्ह’च आहे. त्यामुळे ‘कुड हॅव्ह’ हे कानाला ‘कुडव्ह’ असे येते, आणि इंग्रजी मातृभाषा असलेली मुलेच नव्हे, मोठी माणसेही ते ‘हॅव्ह’ऐवजी ‘ऑफ’ लावून लिहितात. ही चूकच आहे, पण ती अज्ञानापेक्षा चांगल्या कानातून जन्मलेली आहे. परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकणारा ती सहसा करत नाही, कारण तो हा शब्दप्रयोग आधी डोळ्यांनी शिकतो.

मालकीचा ‘हॅव्ह’ मात्र झिजायला फारसा राजी नसतो. ‘आयव्ह अ कार’ अशी रचना ब्रिटिश बोलण्यात आढळते, पण ती आता कमी होत चालली आहे. बहुतेक जण ‘आय हॅव्ह अ कार’ किंवा ‘आयव्ह गॉट अ कार’ म्हणतात. या दुसऱ्या रचनेतला ‘गॉट’ कशासाठी आला, याचे मला पटणारे स्पष्टीकरण असे की, एकटा ‘व्ह’ मालकीचे वजन पेलू शकत नसल्यामुळे त्याला आधार म्हणून ‘गॉट’ जोडला गेला. पुढे हा आधार इतका भक्कम झाला की अनौपचारिक बोलण्यात ‘व्ह’ गळून ‘आय गॉट अ कार’ एवढेच उरू लागले.

आता कर्तव्याच्या ‘हॅफ्टु’कडे वळू. ‘आय हॅव्ह अ लेटर टु राइट’, म्हणजे लिहायचे असे एक पत्र माझ्यापाशी आहे, अशी मूळ घडण होती. ‘लेटर’ची जागा बदलली आणि ‘आय हॅव्ह टु राइट अ लेटर’ झाले. मालकी पत्रावरून उठली आणि लिहिण्याच्या जबाबदारीवर आली. ‘हॅव्ह’ आणि ‘टु’ शेजारी आल्यावर दोघे मिळून एकच अर्थ देऊ लागले आणि आवाजातही एक झाले. ‘ट’ म्हणताना गळ्यात कंप नसतो. त्याची चाहूल लागून आधीच्या ‘व्ह’चाही कंप जातो आणि ‘फ’ होतो. याच कारणाने ‘हॅज टु’ मधला ‘ज’ ‘स’ होतो आणि ‘हॅड टु’चे ‘हॅट्टु’ होते. पण ‘आय हॅव्ह टू पेन्स’ यात ‘ट’ असूनही असे होत नाही, कारण तिथे ‘टू’ हा आकडा ‘पेन्स’चा आहे, ‘हॅव्ह’चा नाही. ध्वनी नुसते शेजारी असून भागत नाही, अर्थाने एकमेकांचे व्हावे लागतात.

याचा सर्वांत सुंदर पुरावा ‘दिस इज ऑल आय हॅव्ह टु ईट’ या वाक्यात सापडतो. ‘हॅव्ह टु’ असे मोकळे म्हटले तर अर्थ होतो ‘खायला माझ्याकडे एवढेच आहे’. ‘हॅफ्टु’ म्हटले तर अर्थ होतो ‘मला एवढेच खावे लागणार आहे’. पहिला माणूस उपाशी राहण्याच्या काळजीत आहे, दुसरा सुटकेचा निःश्वास टाकतो आहे. कागदावर ही दोन माणसे वेगळी ओळखता येत नाहीत.

याच अर्थाच्या नकारात एक सापळा आहे. ‘यू डोन्ट हॅव्ह टु गो’ म्हणजे ‘जायचे नाही’ अशी मनाई नव्हे. ‘जायलाच हवे असे नाही’ किंवा ‘जाण्याची सक्ती नाही’ हा त्याचा अर्थ आहे. मनाईसाठी ‘मस्ट नॉट’ आहे.

‘हॅव्ह’चे स्पेलिंगही अनेकांना सतावते, कारण ‘केव्ह’, ‘सेव्ह’, ‘गेव्ह’ यांच्या शेवटी तसाच मूक ‘ई’ असून तिथे ‘ए’ ऐकू येतो. ‘हॅव्ह’मधला ‘ई’ स्वर लांबवण्यासाठी नाही. इंग्रजी लेखनात शब्द ‘व्ही’ या अक्षरावर संपवत नाहीत, म्हणून तो तिथे आहे. ‘गिव्ह’ आणि ‘लिव्ह’ ही त्याचीच भावंडे. या शब्दालाही एकेकाळी लांब स्वराचे रूप होते, पण सतत आघाताविना उच्चारला गेल्यामुळे आखूड स्वराचेच रूप टिकले. लांब स्वर पाहायचा असेल तर तो ‘बिहेव्ह’मध्ये सापडतो. ‘बिहेव्ह’ म्हणजे स्वतःला धरून असणे, सावरून असणे, आणि त्यातला उत्तरार्ध हा हाच शब्द आहे. तो तिथे आघाताखाली राहिला, म्हणून लांबच राहिला आणि इतर लांब स्वरांबरोबर बदलत ‘ए’पर्यंत पोहोचला.

क्रियेच्या अर्थाचा ‘हॅव्ह’ थोडक्यात सांगता येईल. ‘हॅव्ह लंच’, ‘हॅव्ह अ बाथ’, ‘हॅव्ह अ लुक’ यांत तो जेवणे, अंघोळ करणे, पाहणे अशा चालू शकणाऱ्या क्रिया सांगतो. म्हणून ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर आहे. मालकी ही स्थिती आहे, ती चालू नसते, म्हणून ‘आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स’ प्रमाण इंग्रजीत चालत नाही. दोन्ही अर्थांत उच्चार पूर्ण असतो, कारण दोन्हीकडे ‘हॅव्ह’ हेच मुख्य क्रियापद आहे.

राहिला तो दुसऱ्याकडून काम करून घेण्याचा अर्थ. ‘आय हॅड कट माय हेअर’ म्हणजे मी माझे केस कापले होते, स्वतःच्या हाताने. ‘आय हॅड माय हेअर कट’ म्हणजे मी केस कापून घेतले. शब्द तेच, क्रम वेगळा. पहिल्यात ‘हॅड’ सहायक आहे, म्हणून ‘आयड कट माय हेअर’ असे झिजू शकतो. दुसऱ्यात तो मुख्य आहे, म्हणून ‘आयड माय हेअर कट’ असे कोणी म्हणणार नाही. हीच रचना सोसण्यासाठीही वापरतात: ‘ही हॅड हिज पॉकेट पिक्ड’ म्हणजे त्याने खिसा कापून घेतला नाही, त्याचा खिसा मारला गेला. मराठी इथे वाक्यच बदलते. इंग्रजी फरक ऐकणाऱ्याच्या समजुतीवर सोडते.

शेवटी एकच वाक्य घेऊन त्यात हे सारे कसे एकत्र येते ते पाहू: ‘आय वुड हॅव्ह हॅड टु हॅव्ह इट रिपेअर्ड.’ कागदावर पाहिले तर आठ शब्दांच्या या वाक्यात ‘हॅव्ह’ तीनदा येतो आणि डोळे गोंधळतात. सहज बोलण्यात तेच वाक्य ‘आयडव्ह हॅट्टु हॅव्ह इट रिपेअर्ड’ असे येते आणि कान मुळीच गोंधळत नाहीत. पहिला ‘हॅव्ह’ सहायक आहे, त्याचा नुसता ‘अव्ह’ झाला. दुसरा, म्हणजे ‘हॅड’, ‘टु’शी जुळून कर्तव्य सांगतो, म्हणून त्याचे ‘हॅट्टु’ झाले. तिसरा काम करून घेण्याचा आहे आणि त्याचा उच्चार पूर्ण राहिला. मराठीत याचा अर्थ ‘मला ते दुरुस्त करून घ्यावे लागले असते’ असा होईल, आणि मराठीतला क्रम बरोबर उलटा आहे. ‘दुरुस्त करून घ्यावे’ हा त्यांचा तिसरा, ‘लागले’ हा दुसरा, आणि सर्वांत शेवटी येणारा ‘असते’ हा त्यांचा पहिला, ज्याचा बोलताना नुसता ‘अव्ह’ उरतो तो.